कॉन्ट्रॅक्ट मध्येच तोडलं

आमच्या घरात ‘कॉन्ट्रॅक्ट’ हा शब्द हळू आवाजात उच्चारला जायचा. पप्पा जालन्याकडून चाकणच्या पट्ट्यात कामाला आले आणि उभी हयात कॉन्ट्रॅक्टवरच राहिले. एका कंपनीत सहा-सात महिने, मग ब्रेक, मग दुसरी कंपनी. बाहेरच्या माणसाला ब्रेक म्हणजे विश्रांती वाटेल. आमच्याकडे ब्रेक मिळाला म्हणजे काम गेलं. त्या दिवशी आई त्यांना काही विचारायची नाही. पाण्याचा तांब्या पुढे ठेवायची आणि वरणात थोडं पाणी वाढवायची. मला लहानपणी वाटायचं, कॉन्ट्रॅक्ट हा काहीतरी आजार असावा आणि परमनंट होणं म्हणजे त्यातून बरं होणं.

मी बरी झाले. इंजिनिअर झाले, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत लागले आणि कायम झाल्याचं पत्रही मिळालं. चिखलीतल्या आमच्या गल्लीत पप्पा पेढ्यांचा बॉक्स घेऊन घरोघर फिरले. पोरगी परमनंट झाली, असं ते दारोदार सांगत होते. माझ्या लग्नासाठीही ते इतकं फिरतील असं मला वाटत नाही. आई मात्र तोवर गेली होती. हा एक पेढा तिच्या तोंडात पडायला हवा होता, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे कंपनीने मला दोन वर्षांसाठी जर्मनीतल्या कारखान्यात पाठवलं. पप्पा घरी एकटे राहिले. गेल्या गेल्या मी इथलंच सिमकार्ड वापरत होते. पप्पांचा फोन आला की उचलायची आणि गप्पा मारत बसायची. मग रोमिंगचं बिल आलं, आणि ते बघून मी एवढंच म्हटलं की पप्पा, असा फोन करू नका, रोमिंग लागतं. ते वाक्य त्यांनी असं धरून ठेवलं की विचारू नका. मी तिथला नंबर घेतला, व्हॉट्सअॅपवर बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत हे पुन्हा पुन्हा समजावलं. ते हो हो म्हणायचे आणि थोडं बोलून झालं की, “ठेव माय, रोमिंग लागायलंय,” म्हणून फोन ठेवून द्यायचे. मी बोलले की कुठेतरी रिक्षाचं मीटर पळतंय, अशी त्यांची पक्की समजूत होती.

त्यांचं स्वतःचं रोजचं नेट संध्याकाळपर्यंत संपलेलं असायचं. आता ते कामाला जात नव्हते, दिवसभर कबड्डीचे जुने सामने बघायचे. नेट संपलं की माझा लिहिलेला मेसेज रखडत का होईना पोहोचायचा, पण फोटो किंवा बोलून पाठवलेलं काही उघडायचं नाही. गोल फिरत राहायचं. ते मला सांगायचे, “तुझं ते चाक फिरायलंय. सकाळी बघतो.”

मला तिथे दीड वर्ष होत आलं असताना त्यांच्या छातीत दुखलं. अँजिओप्लास्टी झाली. शेजारच्या मावशींनी आणि त्यांच्या मुलांनी सगळं निभावलं, आणि मी परदेशात बसून फोनकडे बघत राहिले. त्यानंतर माझं तिथे मन लागेना. मी कंपनीकडे मुदतीआधी चाकणला परत पाठवण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. तिथलं घर सोडायचं, सामान विकायचं, सगळं जमलं. अडकलं ते फोनपाशी. तिथे मी फोनचं दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट केलं होतं आणि ते मधे सोडायला दुकानदार तयार होईना. देश सोडून चालल्याचे कागद दाखवले, हेलपाटे घातले, तेव्हा कुठे त्यांनी ते रद्द केलं.

त्या दुकानाबाहेर उभी राहून मी पप्पांना लिहिलं: ‘पप्पा, कॉन्ट्रॅक्ट मध्येच तोडलं. पुढच्या महिन्यात घरी येते. बाकी सगळं बोलून पाठवते, ते ऐका.’ आणि मग जय भीम करून मी ऐसपैस बोलले. फोनचं कॉन्ट्रॅक्ट, दुकानदाराचा हट्ट, चाकणला माझी जुनी जागा मला परत मिळतेय, आता तुमच्याजवळच राहणार, सगळं. बोलताना मी हसत होते हे मला आठवतं.

तिकडून उत्तर आलं, ‘ये. घर आहे. काळजी करू नको.’ मला ते फार आवडलं होतं. बोललेलं ऐकल्याची खूण काही दिसली नाही, पण वाटलं, नेट संपलं असेल. दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणाले, “समजलं माय मला सगळं. तू काही सांगत बसू नको. रोमिंग लागायलंय.” मग मीही परत सांगितलं नाही.

त्या महिन्यात त्यांचे फोन आणखी तोकडे झाले. यायचा दिवस सांगितला तर म्हणाले, किल्ली मावशींकडे ठेवतो. विमानतळाचं सोडा, पण घरी तरी थांबाल की, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मुंबईहून टॅक्सीने येताना तळेगाव मागे पडलं तरी माझा राग गेला नव्हता. इतक्या दिवसांनी लेक येतेय आणि बापाला सवड नाही.

मावशी चिखलीच्या जुन्या रहिवासी. गाव होतं तेव्हापासूनच्या. किल्ली देताना म्हणाल्या, “पप्पा ड्यूटीला गेल्यात. आज खाडा नगं म्हनाले.”

“कसली ड्यूटी?”

“तुला ठावं न्हाई व्हय? चाकणला कंपनीच्या गेटवर हायेत की. सिक्युरिटीत. आमी लय सांगितलं, आत्ता कुठं छातीचं दुखणं झालंय, नगा जाऊ. तर म्हनाले, पोरीचं काम गेलंय.”

मी बॅगा तशाच दारात ठेवल्या. मावशींकडून कंपनीचं नाव घेतलं आणि रिक्षा केली. चाकणच्या रस्त्यावर नेहमीचीच कोंडी होती, कांद्याचे ट्रक, कंपनीच्या बसगाड्या, आणि त्यात बसल्या बसल्या मला माझा मेसेज शब्दन् शब्द आठवत होता. कॉन्ट्रॅक्ट मध्येच तोडलं. घरी येते. हे वाक्य पुण्यातल्या दुसऱ्या कुठल्याही बापाला काहीही वाटलं असतं. आमच्या पप्पांना त्याचा एकच अर्थ माहीत होता. पोरीला त्यांनी परमनंट म्हणून पाठवलं होतं, आणि परदेशात कुणीतरी तिला कॉन्ट्रॅक्टवर टाकून आता ब्रेक दिला होता.

ते गेटवर होते. निळा गणवेश खांद्यावर ढगळ झालेला. आत जाणाऱ्यांचे फोन जमा करून घेत होते आणि प्रत्येकाला बिल्ला देत होते. मला बघून दचकले नाहीत. जणू मी कामावरून घरी आले आहे आणि तेच दार उघडत आहेत, अशा आवाजात म्हणाले, “आलीस? जेवलीस का? मावशीकडं भाजी सांगून आलो होतो.”

“पप्पा, ते फोनचं कॉन्ट्रॅक्ट होतं.”

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. सिमकार्डाचं, दुकानातलं. काम आहे, कुठेही गेलं नाही. इथेच चाकणला, सोमवारपासून. मी परमनंटच आहे.

ते खुर्चीवर बसले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. मला वाटलं, हसतील. मी तर हसायच्या बेतात होते, कारण गोष्ट तशी हसण्यासारखीच होती.

“मी सगळं बोलून पाठवलं होतं पप्पा. तुम्ही ऐकलंच नाही. नेट संपलं होतं का?”

“त्या दिवशी संपलं होतं. सकाळी आलं की परत.”

“मग?”

एक कामगार फोन द्यायला आला, त्याचा फोन घेऊन त्यांनी खणात ठेवला, बिल्ला दिला. मग म्हणाले, “मला ब्रेक भेटला की तुझी आई माझ्या आवाजावरनं ओळखायची. मी दारातनं नुसतं ‘आलो’ म्हणलं तरी. तसला आवाज हाय तो, माय. तो तुझ्या तोंडून ऐकायची हिंमत झाली नाही मला. म्हणून बटनच दाबलं नाही.”

मी म्हटलं, चला घरी, आत्ताच्या आत्ता सोडा हे. ते म्हणाले, बदली माणूस आल्याशिवाय गेट सोडता येत नाही. तेवढ्यात बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. ते टोपी घालून उठले, कागद बघितले, आडवा बांबू वर केला. ट्रक आत गेल्यावर बांबू खाली घेऊन ते परत आले. चालताना त्यांचा हात छातीवर होता, आणि मी बघतेय हे दिसल्यावर त्यांनी तो खाली घेतला.

“मगाशी काय म्हणलीस?” त्यांनी विचारलं. “परमनंट म्हणलीस ना? परत एकदा म्हण.”

मी म्हटलं. पण तोवर मी रडत होते, आणि जो आवाज ऐकायची त्यांची हिंमत नव्हती, त्याच आवाजात त्यांना ते ऐकावं लागलं.