सगळ्या आळीनं पाहिलेलं यंत्र

“बघायला काय जातंय?” असं म्हणत तो खिशातून पेचकस काढायचा, आणि तुम्ही नको म्हणेपर्यंत समोरच्या वस्तूचं झाकण निघालेलं असायचं. मिक्सर असो, इन्व्हर्टर असो, नाहीतर देवळातला विजेवर वाजणारा नगारा असो. दुरुस्त करण्यापेक्षा दाखवण्यातच त्याला जास्त रस. “ही बघा भाऊ, कॉइल जळली. वास घ्या.” मी बँकेतून निवृत्त झालेला कारकून, मला कॉइलमधलं काय कळणार? तरी मी मुकाट्यानं वास घ्यायचो. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. स्वतःला कळलेली गोष्ट दुसऱ्याला समजावल्याशिवाय त्याला घास गोड लागत नाही.

आम्ही दोघे बदलापूर गावातले, एकाच आळीतले. आधी तो अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडल्यावर त्यानं उल्हासनगरात बाजाराच्या मागच्या गल्लीत पंपाचे स्टार्टर दुरुस्त करायचं दुकान टाकलं. शेजारी वायरचा व्यापार करणारा एक सिंधी शेठ होता. ह्याच्यावर तो जीवही टाकायचा आणि दिवसातून दोनदा वैतागायचाही. “अरे साईं, ढक्कन तो बंद रख! आते-जाते सबको क्या दिखाता है?” हा हसायचा. “शेठ, बघायला काय जातंय?”

काय जातं ते आम्हांला फार उशिरा कळलं.

आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल हे पाणी सोडणाऱ्यालाही सांगता येत नाही. पंप लवकर लावला तर कोरडा फिरून जळतो, उशिरा लावला तर शेजारी पाणी ओढून मोकळा होतो. त्यामुळे वहिनी, म्हणजे त्याची बायको, नळापाशी ठाण मांडून बसायची. पाणी यायच्या आधी पाइप नुसता फुसफुसतो, आणि अगदी यायला झालं की खाकरतो, हे तिनंच त्याला सांगितलं. तसं ते आळीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. ह्यानं पाइपाला एक इवलासा माइक बांधला, त्याला सर्किट जोडलं आणि फुसफुसणं कुठलं नि खाकरणं कुठलं हे त्या सर्किटला ओळखायला लावलं. पाइप खाकरला की पंप आपोआप सुरू, नुसती हवा आली की बंद. त्यापायी त्याची कित्येक महिन्यांची जेवणं नळाशेजारीच झाली. वहिनी म्हणायची, “माझं ऐकलं असतं एवढं, तर संसाराचं सोनं झालं असतं.”

यंत्र तयार झालं ते दसऱ्याच्या तोंडावर. दसऱ्याला आमच्या आळीत ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा होते. सुताराचा रंधा, फिटरचा पाना, रिक्षावाल्याची रिक्षा. कुणी नवं काही घेतलं किंवा केलं असेल तर ते आधी देवापुढे ठेवायचं आणि मग आळीपुढे. लपवलेल्या गोष्टीलाच नजर लागते, असं आमच्या म्हाताऱ्या मानतात. ह्यानं यंत्र अंगणात पाटावर मांडलं, त्याला झेंडूचा हार घातला, आणि झाकण अर्थातच उघडं ठेवलं. आळीतलं प्रत्येक माणूस आत डोकावून गेलं. कुठला भाग काय करतो ते त्यानं प्रत्येकाला न कंटाळता सांगितलं. आळीतली सर्वांत म्हातारी शेवंताकाकी, तिनं माइकला कुंकू लावलं. त्याच्या पुतण्यानं सगळ्याचा व्हिडिओ घेतला. तेवढ्यात नळ खाकरला, पंप सुरू झाला आणि अख्ख्या आळीनं टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मला त्याचा हेवा वाटला. बँकेतल्या सगळ्या वर्षांत माझ्यासाठी कुणी अशा टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

पेटंट काढ, हे शेठनं त्याच्या डोक्यात घातलं. संक्रांत उलटल्यावर आम्ही मुंबईच्या एका एजंटकडे गेलो. मी बरोबर गेलो तो इंग्रजी वाचायला. एजंटनं विचारलं, “ये चीज़ किसी बाहरवाले को दिखाई है?”

हा छातीवर हात ठेवून म्हणाला, “नाय साहेब. फक्त घरच्यांना.”

तो खोटं बोलला नाही हो. आमच्यात आळीला कुणी बाहेरचं म्हणत नाही.

पुढे काही वर्षांनी पेटंट मिळालं. त्यानं तो कागद फ्रेम करून देवाशेजारी लावला. दरम्यान एका मोठ्या कंपनीचा माणूस, टायबिय लावून, दुकानात येऊन गेला होता. त्यालाही ह्यानं चहा पाजला आणि यंत्र उघडून दाखवलं. शेठनं कपाळावर हात मारून घेतला. मग एक दिवस शिरगावातल्या एका नव्या टॉवरमध्ये त्याला पंपाजवळ एक गुळगुळीत पांढरा डबा दिसला. पाइपाला माइक बांधलेला, आणि पंप सुरू झाला की मोबाइलवर निरोप. डब्यावर त्या कंपनीचं नाव.

त्याला कंपनीला बुडवायचं नव्हतं. मला तो एवढंच म्हणाला, “भाऊ, हे मी केलं, एवढं त्यांनी कबूल करावं. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलं तरी चालंल.” ह्या एका वाक्यासाठी त्यानं दावा लावला.

वकील उल्हासनगरचाच केला. जमिनीच्या दाव्यांत वाघ. तो म्हणाला, पेटंट म्हणजे तरी काय, मालकीच. साक्षीदार आणा, किल्ला फत्ते. आम्हांला ते शंभर टक्के पटलं. बांध कुणाचा हे आमच्याकडे असंच ठरतं. चार जुनी माणसं उभी राहून म्हणाली, “हा ह्याच्या आज्याचा बांध, आम्ही पाहिलाय,” की समोरचा गप्प बसतो. मग अख्ख्या आळीनं एका कागदावर सह्या केल्या. त्या दसऱ्याला आम्ही हे यंत्र उघडं आणि चालू असलेलं पाहिलं, ते कसं चालतं हे आम्हांला समजावून सांगण्यात आलं, असा मजकूर. शेवंताकाकीनं अंगठा दिला. व्हिडिओही जोडला. सह्या गोळा करताना त्याचे डोळे भरून आले होते. “आख्खी आळी माझ्या मागं हाय भाऊ. आता कोण हरवतो?”

कंपनीनं उलट पेटंटच रद्द करा अशी मागणी केली आणि दावा मुंबईला हायकोर्टात गेला. तिथं कंपनीचा वकील ‘उल्हासनगर’ हा शब्द उच्चारताना जरा थांबला आणि ओठांतल्या ओठांत हसला. मागच्या बाकावरचेही हसले. उल्हासनगरातून आलेली वस्तू म्हणजे कशाची तरी नक्कल, हे देशभर सगळ्यांना पाठ. खरी वस्तू तिथं झाली आणि नक्कल दुसरीकडे, हे कुणाच्या गळी उतरणार?

गंमत म्हणजे त्या वकिलानं आमची एकही सही खोटी म्हटली नाही. उलट एकेक नाव सावकाश वाचून दाखवलं. शेवंताकाकीचा अंगठासुद्धा आदरानं मान्य केला. हा माझा दंड दाबून कुजबुजला, “मानलं भाऊ त्यानं! सगळ्या सह्या मानल्या!”

मग तो वकील म्हणाला, दसरा आधीचा, अर्ज नंतरचा. जी वस्तू अर्ज करण्याआधीच चारचौघांपुढे उघडून, समजावून झाली, ती कायद्याच्या दृष्टीनं नवी राहत नाही. नवी नाही, तर पेटंट कसलं? आणि हे आम्ही म्हणत नाही, दावा लावणारेच सह्यांनिशी म्हणतायत. आमचा जमिनीतला वाघ नुसते कागद चाळत राहिला.

न्यायाधीश भला माणूस होता. त्यानं वाट काढून द्यायचा प्रयत्न केला. ह्याला उभं करून मराठीत विचारलं, “दसऱ्याला तुम्ही यंत्राची चाचणी घेत होता का?” चाचणीपुरतं चारचौघांत चालवलेलं कायदा कधीकधी माफ करतो; नुसतं हो म्हटलं असतं तर काहीतरी धागा उरला असता.

“चाचणी कसली साहेब,” हा अभिमानानं म्हणाला. “चाचणी कवाच झाली होती. दसऱ्याला पूजा होती.”

पेटंट रद्द झालं.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला सगळं समजावून सांगितलं. पहिल्यांदाच मी समजावत होतो आणि तो ऐकत होता. तो म्हणाला, “म्हणजे आळी आली म्हणून हरलो?” मग त्यानं माझा हात धरला. “भाऊ, हे आळीत कुणाला कळता कामा नये. काकी तर हाय खाऊन मरंल. शपथ हाय तुम्हांला.”

ती शपथ मी आता मोडतोच आहे. आळीतल्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही आणि पोरं मोबाइलवर येईल तेवढंच वाचतात, ह्या भरवशावर. कायदा मला कळतो. आधी कुणाला दाखवू नका, कागद करा, मग जगाला दाखवा. ठीक आहे. पण ज्यानं लपवलं नाही त्याचं काही उरू नये आणि ज्यानं त्याच्याकडून बघून नेलं त्याचा धंदा उजळ माथ्यानं चालावा, हे मला पटत नाही, मरेपर्यंत पटणार नाही. मला त्याचाही राग येतो. एक ‘हो’ म्हणायला काय झालं होतं गाढवाला?

आळीत त्यानं सांगितलं, “कंपनी मोठी, तिचे वकील मोठे. आपण कमी पडलो.” लोकांनी कोर्टाला शिव्या घातल्या, पैसे चारले असतील म्हणाले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. नंतर तो गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवून काम करायला लागला. मिक्सर दिला की मिक्सर परत मिळायचा, झाकण लावलेला. शेठनं मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, “भाऊसाब, इसको क्या हो गया? अब तो दिखाता ही नहीं.” त्याच्या आवाजात तक्रार होती.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. दुकानातच छातीत कळ आली आणि शेठच्या गाडीतून दवाखान्यात नेईपर्यंत संपला. तेराव्याला आळी जेवायला बसली होती आणि मी वाढत होतो. शेवंताकाकी पानावर हात धरून बसली होती.

“आमी सगल्यांनी सह्या दिल्या रं,” ती म्हणाली. “मी पन अंगठा लावला. तरी नाय ऐकलं कोरटानं.”

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. तिला त्यानं सांगितलं होतं की नाही, मला ठाऊक नाही.

“तुला विंग्रजी येतं,” काकी मला म्हणाली. “वरच्या कोरटात जायचं आसंल तर सांग. मी परत अंगठा लावीन. यंत्र त्याचंच व्हतं. मी माझ्या डोल्यांनी पाह्यलंय.”

“लागला तर सांगतो, काकी,” मी म्हणालो, आणि तिच्या पानात भात वाढला.