शंकासुराची बरणी

धावपट्टीवर त्याला सगळे शंकासुर म्हणायचे. लढाऊ विमानांत इंधन भरायचं आणि गरज पडली की ते परत उपसून टँकरमध्ये घ्यायचं, हे त्याचं काम. ठिणगी पडू नये म्हणून विमानाला लावलेली तार तो ओढून बघायचा, नळीचं तोंड घट्ट बसलं तरी हिसका देऊन बघायचा. घरी गॅसचं बटण बंद असलं तरी पुन्हा स्वयंपाकघरात चक्कर असायचीच. "मी घरात आहे की नाही तेही एकदा चाचपून बघा," असं बायको म्हणायची.

त्या सकाळी सरावाच्या उड्डाणासाठी एक विमान भरून तयार होतं. वैमानिक तरुण होता, हसतमुख. मोठा अधिकारी असूनही याला काका म्हणायचा.

"काय काका, आज पास की नापास?"

"बघतो, सर."

इंधन भरल्यावर टाकीच्या तळातून थोडं काचेच्या बरणीत काढून बघायची पद्धत होती. चांगलं इंधन पाण्यासारखं नितळ दिसतं. त्या दिवशी मात्र ते धूसर दिसलं. त्याने बरणी गोल फिरवली. तळाशी बारीक थेंब जमले. इंधनात पाणी असेल तर उंचावर त्याचा बर्फ होतो आणि इंजिनाचा घास अडकतो.

"थांबवा," तो म्हणाला.

तुकडीचा मुख्य, ज्याला सगळे दादा म्हणत, धावत आला. "नक्की?"

"दादा, दिसतंय ते दिसतंय."

वैमानिक शिडीवरून उतरला. "बरं झालं, काका. वर गेल्यावर कळण्यापेक्षा इथेच कळलं." आणि तो शेजारच्या विमानाकडे गेला. ते दुसऱ्या तुकडीने भरलं होतं, त्यात काही खोट नव्हती.

शंकासुराने पहिल्या विमानाला नळी जोडली, पंप सुरू केला. टाकी रिकामी होत गेली तसं विमान आपल्या चाकांवर हळूहळू उचललं जाऊ लागलं, ओझं उतरवलेल्या बैलासारखं. तेवढ्यात भोंगा वाजला.

शेजारचं विमान उडालं आणि लगेच त्याच्या इंजिनात पक्षी शिरला. वैमानिक आसनासकट बाहेर फेकला गेला. पॅराशूट उघडलं, पण फार खाली. जीव वाचला, कणा मोडला.

उपसलेलं इंधन तपासायला गेलं होतं. ते अगदी शुद्ध निघालं.

मग बरणीत पाणी आलं कुठून? ते त्याला कोणी विचारायच्या आतच आठवलं. सकाळी कोरडं फडकं हाताशी नव्हतं, म्हणून त्याने खिशातल्या ओलसर फडक्याने बरणी आतून पुसली होती. आयुष्यभर शंका घेतली, एक त्या फडक्यावर घेतली नाही. तो तडक दादाकडे गेला आणि सगळं सांगितलं. चौकशीच्या अधिकाऱ्यालाही सांगितलं.

अधिकारी म्हणाला, "पक्ष्याला तुमची बरणी ठाऊक नव्हती. यापुढे फडकं कोरडं ठेवा. निघा आता."

दादाने तर पाठ थोपटली. "धूसर दिसल्यावर थांबवलंस, तेच बरोबर." त्यापेक्षा कोणी एक सणसणीत कानाखाली दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

घरी ताट पुढे आलं की तो नुसता बसून राहायचा. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही काय त्याला ढकललंत का?"

"ढकललंच. त्या दुसऱ्या विमानाकडे."

त्याने बरणीचं काम सोडून नुसता टँकर चालवायला मागून घेतला. पुढे धीर करून तो इस्पितळात गेला. दाराशी वैमानिकाची आई बसली होती. याने तिलाही सगळं सांगितलं.

"म्हणजे फडकं कोरडं असतं तर माझा मुलगा पहिल्याच विमानातून गेला असता?"

"हो."

तिने दारातली आपली पिशवी बाजूला घेतली. मग म्हणाली, "आत जा. पण त्याच्यापुढे रडू नका. येणाऱ्या-जाणाऱ्याची समजूत घालून तो थकलाय."

आत वैमानिक छताकडे बघत पडला होता. त्याला सगळं कळलेलं होतं.

"राग येतो, काका. खोटं कशाला बोलू? त्या पक्ष्याचा येतो, तुमचाही येतो." तो थांबला. "पण उद्या बरणी पुन्हा धूसर दिसली, तर थांबवाल ना?"

याने पलंगाचा कठडा घट्ट बसलाय का ते ओढून बघितलं.

"बोला की."

"माहीत नाही, सर. बरणीचं काम मी सोडलंय."

"मग मी इथे उगाच पडलोय म्हणायचं!" वैमानिक पहिल्यांदाच ओरडला. नर्स धावत आली आणि याला बाहेर जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याने दादाकडून बरणी परत मागून घेतली. पुसायच्या आधी फडकं गालाला लावून बघितलं, आणि ते काम पुन्हा टाकलं नाही.

आता वैमानिक काठी घेऊन चालतो. उडणं संपलं, तळावरच टेबलावरचं काम करतो. दुपारी कँटीनमध्ये दोघांची गाठ पडते. कधी तो खुर्ची सरकवून म्हणतो, "या काका, बसा." कधी, वरून विमान गेलं की, याच्याकडे बघून तोंड फिरवतो.

तोंड फिरवतो त्या दिवशी शंकासुराला दोन घास जातात. "या, बसा" म्हणतो त्या दिवशी मात्र डबा तसाच घरी परत येतो, आणि बायको काही न विचारता तो रिकामा करून घासायला टाकते.