चिखलाचा टायर आणि माझा अंगठा

चिखलाचा एक थर खरवडायच्या आधी त्यावर दुसरा बसतो. आमच्या सायकलवाल्यांच्या किश्शांचं तसंच झालंय. आता बसून खरवडतो.

मी पंक्चरवाला. दुकानाला पन्नास वर्षं झाली, शाळेची पायरी मात्र चढलो नाही. दर रविवारी चौघांचं टोळकं गिअरच्या सायकली घेऊन रानातनं हिंडतं. म्होरके दोघं, हायस्कुलातले सर आणि डॉक्टरीणबाई. परगावचे विचारतात, थंडीत कसला चिखल? अहो, ऊसतोड सुरू झाली की ट्रॉल्या पाणंदीच्या कच्च्या वाटेत गुडघाभर चाकोऱ्या पाडतात, त्यात पाटाचं पाणी. मग सर दुकानात हजर, "आबा, चिखलाला कंचा टायर?"

*

पहिल्यांदा मी म्हणालो, "रुंद घ्या. हत्ती रुततोय व्हय?" सरांना सगळ्यात रुंद टायर बसवून दिला. रुतला नाही, खरंच! पण काळी माती टायर आणि फोर्कच्या मधी अशी गच्च बसली की चाकच फिरंना. सर सायकल खांद्यावर घेऊन आले.

"आबा, हत्ती तुमचा, पण पाय माझं गेलं की!"

*

मग डॉक्टरीणबाईंना बारीक टायर दिला, उंच आणि विरळ नक्षीचा. चिखल आपोआप झडायचा. पण डांबरी रस्त्यावर गिरणी चालू झाल्यासारखी घरघर! बाई कोपऱ्यावर असतानाच दवाखान्यात कळायचं.

बाई म्हणाल्या, "आबा, माझी चाहूल लागली की चहा बंद केलेलं पेशंट कप लपवत्यात!"

*

चिखलात हवा थोडी कमी लागते, एवढं मला ठाऊक. मी अंगठ्यानं दाबून हवा बघतो. तरी जो तो म्हणायचा, "आबा, टायर दगड झालाय." शेवटी बाईंनी टायर सोडून माझा अंगठाच दाबून बघितला.

"अवो आबा, हितं घट्टा पडलाय! दगडाला सगळं मऊच लागणार की!"

सही अंगठ्याची, धंदा अंगठ्याचा. तोच खोटा निघाल्यावर माझ्याकडं राहिलं काय? बाईंनी हवेच्या काट्यावर लाल नेलपॉलिशची रेघ मारून दिली. तेवढंच माझं शिक्षण.

*

चिखलाच्या टायरवर बाण असतो. चाक त्या बाजूला फिरलं पाहिजे. वाचता येत नसलं तरी बाण कळतो की! चारी सायकली उलट्या करून ठेवल्या, वर दिसणारा बाण पुढं केला आणि आठ टायर ऐटीत बसवले. सायकली सुलट्या केल्यावर आठही बाण मागं फिरायला लागले.

सर म्हणाले, "आबा, पन्नास वर्षं?"

"व्हय की," मी म्हणालो, "पण उलट्या सायकलीची."

सरांनी मोबाईल बाहेर काढला. "ह्या रविवारी तुमी म्होरं चालवायचं. तुमचा टायर चालला तर बरं. न्हाय तर हितनं फुडं टायर ह्याच्यावरनंच मागवणार."

घरात सांगितलं, तर ही म्हणाली, "जावा. पडलासा तर मोबाईलवरनंच नवरा मागवते!"

*

रविवारी कागलकडच्या पाणंदीत मी म्होरं. पुढं जाड नक्षी, मागं बारीक, हवा लाल रेघेला, बाण चार वेळा बघितलेला. काय सांगू, सायकल लोण्यातनं सुरी जावी तशी चालली! चौघंही मागं राहिले. ते किती मागं राहिले हे बघायला मी मान वळवली, आणि थेट पाटात!

मागनं उसाची ट्रॉली आली. ड्रायव्हरनं मला आणि सायकलीला उचलून उसावर ठेवलं. शंभर पावलं गेलो असू, ट्रॅक्टरच रुतला. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. तेवढ्यात सर आणि बाई येऊन थांबले. सरांच्या हातात मोबाईल.

ड्रायव्हर खाली उतरला. वर चिखलानं माखलेला मी.

"आबा, तुमी टायरवालं न्हवं? सांगा की, ह्येला कंचा टायर घालू?"

मी उसावरनं वाकून बघितलं. "टायर चांगला हाय. डावा उलटा बसवलाय."

सरांनी खाली बसून डावं चाक बघितलं, मग उजवं बघितलं. उठून मोबाईल खिशात घातला.

ड्रायव्हर म्हणाला, "वरनं कसं वळखलासा ओ?"

"आठ बसवल्यात तसलं."