माझ्या नावाचं ताट

मुलगा माझ्या शेजारच्या खुर्चीवरून उठला. समोरच्या भिंतीला जाऊन बसला. खिशातून रुमाल काढून नाकावर धरला. माझ्या पोटचा मुलगा.

कारण एवढंच. हातात थुंकीची डबी घेतलेल्या दवाखान्यातल्या पोरीनं भरल्या खोलीत विचारलं होतं, "टीबी वाली अम्मा कौन है?"

मी हात वर केला. मीच होते.

"अम्मा, बाहर. गेट के उधर जाकर थूको. यहाँ फॅमिली वाले बैठे हैं."

मी पण फॅमिलीबरोबरच आले होते.

मुलगा कॅनडात असतो. मी बुऱ्हाणपूरला, बुधवाऱ्यात, एकटी. नवरा पेपर मिलमध्ये होता, तो गेला. मुलगा म्हणाला, आई, आता कायमची तिकडे चल, नातवंडांत राहा. मलाही जायचं होतं. खोटं कशाला बोलू? नातीला मी नुसतं फोनवर पाहिलेलं. पण कायमचं राहायचं तर तिथलं सरकार आधी छाती तपासतं. तपासू दे. मुलगा सुट्टी काढून आला आणि मला मोठ्या शहरातल्या त्या दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरनं विचारलं, "पहले कभी टीबी हुआ था?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगा बोलला, "नहीं सर, कभी नहीं."

छातीच्या फोटोत डाग निघाला. डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. चोराकडं पाहतात तसं.

"हुआ था," मी म्हणाले. "पूरी दवा खाई. ठीक हो गई." त्यानं थुंकी तपासायला लिहून दिलं.

बाहेर आल्यावर मुलगा दातओठ खात म्हणाला, "आई, तुला काय गरज होती बोलायची? सब गडबड कर दी."

गडबड. निंबोल्याला केळीच्या बागेत निंदायला जायचे, तेव्हा मला टीबी झाला. सरकारी गोळ्या खाल्ल्या. लघवी लाल व्हायची. खाल्लेली भाकरी उलटून पडायची. तरी गोळी सोडली नाही. तो डाग म्हणजे भरलेली जखम. त्यात लपवायचं काय?

मोकळ्या हवेत थुंकायला लावतात, ते बरोबरच आहे. सरकारी दवाखान्यातली ताईही मला लिंबाखाली न्यायची. पण ती तिथं उभी राहायची. "जोर लावा मावशी, खोलातून येऊ द्या," म्हणायची. इथं मी जनरेटरशेजारी डबी धरून उभी. पानटपरीवरचे लोक बघतायत. मुलगा काचेच्या आत.

मला सासू आठवली.

आमच्याकडं भांड्यांवर नाव टाकतात. घरातल्या सगळ्या भांड्यांवर सासऱ्याचं नाव होतं. मला टीबी झाला तशी सासूनं बाजारातून नवं ताट आणलं आणि त्यावर माझं नाव टाकून घेतलं. शेजारीण म्हणाली, "काय नशीब बाई, सुनेच्या नावाचं ताट!" मी बरी झाले तरी ते ताट मोरीजवळ उपडंच राहिलं. सासू मरेपर्यंत मी त्यातच जेवले. घरात कोणी हूं की चूं केलं नाही.

थुंकीचा निकाल यायला वेळ लागतो. तोवर मुलगा परत गेला. मग एक दिवस फोन आला.

"आई, रिपोर्ट क्लीन! काहीच नाही निघालं. तिकीट काढतो."

"काढ."

"फक्त एक आहे. तुझी रूम खाली, बेसमेंटला राहील. आणि ताट-पेला थोडे दिवस अलग ठेवू. तुझी सून म्हणते, बच्चे छोटे हैं ना."

"रिपोर्ट साफ आहे ना?"

"हो गं. पण..."

"मग ताट कशाला अलग?"

तो तिकिटाचे भाव सांगायला लागला.

"तिकीट काढू नको."

"एका ताटासाठी? पागल झालीस का, आई?"

"हो. एका ताटासाठी."

फोन ठेवला आणि ते ताट मोरीजवळून उचललं. घासून सासऱ्याच्या ताटांत लावलं. आता कोणी जेवायला आलं की हाताला येईल ते ताट घेते. मुलगा आला तर त्याला मात्र निवडून त्याच ताटात वाढीन. जेवला तर पुढचं बोलू. नाही जेवला तर उपाशी जाईल.

नात फोनवर दिसते. तेवढीच दिसेल.

हे सगळं माझ्यावर गुदरलं. टीबी झालेली, गोळ्या पुऱ्या केलेली, बरी झालेली बाई. बुधवाऱ्यात राहते.