पदर आक्कानं पसरला

आक्का कुजबुजायला लागली की गल्लीतलं कुत्रं उठून बसायचं. वाढवून सांगत नाही. एखाद्या अशिलाच्या नवऱ्याबद्दल ती माझ्या कानात काहीतरी सांगायची आणि तो नवरा कोर्टाच्या पायरीवरून वळून बघायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी जयसिंगपूरच्या व्यापाऱ्याची मुलगी, पुण्यात वसतिगृहात राहून शिकलेली. हळू बोलणं म्हणजे सभ्यपणा हे डोक्यात पक्कं बसलेलं. आणि वर्षभरासाठी जोडीदार म्हणून माझ्या वाट्याला ही.

नव्वदच्या दशकात एका संस्थेनं नव्या वकिलांसाठी फेलोशिप काढली होती. नुकती सनद मिळालेल्यांनी वर्षभर गरिबांचे खटले फुकट चालवायचे, संस्था महिन्याला थोडंफार मानधन देणार. कोल्हापूरला आम्ही दोघी होतो. आक्का हातकणंगल्याकडची, लग्नानंतर हट्टानं कायदा शिकलेली, माझ्याहून थोडी मोठी. माझे वडील पाहुण्यांना सांगायचे, "मुलगी मोठ्या वकिलांकडे असते." फुकट खटले चालवते हे सांगायची त्यांना लाज वाटायची आणि खरं सांगायचं तर मलाही वाटायची. आक्का मात्र एस्टीत शेजारी बसलेल्या परक्या माणसाला सांगायची, "आमी फुकटातलं वकील हाय, पावणं. कुनाचं काय अडलं असलं तर लावून द्या की आमच्याकडं."

तिची कामाची एक रीत होती. ती म्हणायची, "कागद करायच्या आधी दोन्हीकडची चूल बघायची." म्हणजे अशिलाच्या घरी जायचंच, पण समोरच्या पक्षाच्या घरीही जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, बोलून बघायचं. आमच्यावर देखरेख करणारे सीनियर वकील यावर वैतागायचे. पण कितीतरी भांडणं तिनं अशी चुलीपुढंच मिटवली होती. ती परक्यांच्या स्वयंपाकघरात शिरून "वैनी, भाकरी करपाय लागली बघा" म्हणत सरळ तव्याला हात घालायची. मी उंबऱ्याशी अंग चोरून बसायचे आणि हे कधी संपतंय याची वाट बघायचे.

शांतव्वा आमच्याकडे आली ती अशाच कुणाच्या तरी सांगण्यावरून. सीमेकडच्या गावची, घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलणारी. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं होतं आणि दीड-दोन वर्षांची मुलगी ठेवून घेतली होती. पोटगीचा अर्ज मागं घे, मग पोरगी ने, असा त्यांचा निरोप. "मला पैसा नगं, काय नगं," शांतव्वा म्हणायची. "तेवढी माझी पोरगी आना." आक्कानं तिचा हात धरून सांगितलं, "आनतो. माझी लेक समजून आनतो."

मग रीतीप्रमाणे आम्ही शांतव्वाच्या सासरी गेलो. सासू मोठी गोड बाई. चहा दिला, नातीला मांडीवर घेऊन आमच्यापुढं बसली, "कोर्टाची काय गरज हाय, आपन बोलू की" म्हणाली. उठायच्या वेळी आत गेली आणि ताट घेऊन आली. ताटात खण, नारळ, तांदूळ. "पैल्यांदा आलाय आमच्या दारात. सवाष्ण बाई रिकाम्या ओटीनं कशी लावू?" आक्का उभी राहिली आणि तिनं पदर पसरला. विचार करायला वेळच कुठं होता? आपल्याकडे ओटीचं ताट पुढं आलं की बाईचा पदर आपोआप पुढं होतो, नाही म्हणणं म्हणजे त्या घराला अपशकुन. माझं लग्न झालेलं नव्हतं. मला नुसतं कुंकू लावलं आणि हातावर साखर ठेवली.

दोन दिवसांत सगळ्या गावात झालं, वकीलणीनं ओटी घेतली, आता ती या घरची लेक. सासूनंच ते घरोघरी पोचवलं असणार. आठवड्याच्या बाजारात ते शांतव्वाच्या कानावर गेलं. ती आमच्या खोलीत आली, बसली नाही.

"आक्का, तुमी त्यांच्यात ओटी घेतलीसा?"

"घेतली."

"माझी पोरगी त्यांच्या घरात. आता तुमीबी त्यांच्याच घरच्या. मग मी कुनाकडं बघायचं?"

शांतव्वा निघून गेली. मी चिडून म्हटलं, अगं सांगायचं ना तिला, नकळत झालं म्हणून. रीत होती म्हणून घेतली, त्यात तुझं काय चुकलं? आक्का म्हणाली, "तिला काय सांगू? पदर मीच पसरला न्हवं?" त्या दिवशी ती जेवली नाही. मी जेवले. एका मंगळसूत्राच्या फरकानं मी सुटले होते, नाहीतर माझाही पदर तसाच पुढं गेला असता, हे मला घासाघासाला कळत होतं आणि तरी मी जेवले.

शांतव्वा दोन-तीन महिने फिरकली नाही. आक्का मला शांतव्वाच्या माहेरी पाठवत राहिली. "तू जा. तुझी ओटी भरल्याली न्हाय." शेवटी शांतव्वा आली, ती माझ्याकडे म्हणून आली, माझ्या नावानं वकीलपत्र देऊन गेली. पुढचा सगळा खटला आक्कानं चालवला आणि उभी मी राहिले. मुलीच्या ताब्याचा अर्ज तिनं लिहिला. सासूला उलटतपासात काय विचारायचं हे तिनं माझ्याकडून रोज घोकून घेतलं. शांतव्वा दिसली की ती पाठीमागच्या जिन्यानं उतरून कॅन्टीनकडे जायची. "मी खाली बसतो. मला बघून ती बिथरली तर पोरगी जाईल हातची." मी चार चांगली वाक्यं बोलले की सीनियर पाठ थोपटायचे आणि मी ती थोपटून घ्यायचे. आज लिहितानाही कानशिलं तापतात.

निकाल आमच्या बाजूनं लागला. वरच्या व्हरांड्यात सासूनं मुलीला आणून उभं केलं. शांतव्वानं हात पुढे केले आणि मुलगी किंचाळली. आजीच्या लुगड्याला घट्ट धरून बसली, बोटं एकेक करून सोडवावी लागली. आईला ती विसरली होती. शांतव्वानं तिला तशीच रडती उचलली आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, शांतव्वा, हे सगळं आक्कानं केलंय, ती खाली बसलीय, तिला भेटून जा. शांतव्वा म्हणाली, "असंल," आणि पुढच्या जिन्यानं निघून गेली.

मी कॅन्टीनमध्ये आले. आक्का पुढ्यातल्या चहावर साय धरेपर्यंत तशीच बसून होती. तिनं एकच विचारलं, "पोरीनं वळखलं न्हवं आईला?"

"ओळखलं की," मी म्हटलं. "लगेच गळ्यात पडली."

आक्कानं डोळ्याला पदर लावला आणि दोन्ही हात जोडून छताकडे बघितलं.

वर्षाअखेरीला पुण्यात संस्थेचा मेळावा झाला. मंचावर मला बोलावलं, शाल घातली. मी आक्काचं नाव घेतलं, पण लोकांना तो माझा विनय वाटला. त्यानंतर ती तालुक्याच्या कोर्टात वकिली करू लागली. समोरच्या पक्षाच्या घरी ती पुन्हा कधी गेली नाही. दोन हजार सालानंतर कधीतरी एका लग्नात भेटली, दोन नव्या मुली हाताखाली होत्या. त्यांना माझी ओळख करून देताना म्हणाली, "हिला इचारा. माझ्या हातनं केवढी चूक झालती, पन इतक्या म्हयन्यांनी पोरीनं आईला बघितल्या बघितल्या वळखलं. ही हुती तितं. त्येवढ्यावर मी जगलो बघा."

मुली माझ्याकडे बघत होत्या. मी हो म्हटलं.