सुपारीच्या शेजारचा पाट

यंदा अधिक महिना ज्येष्ठात आला, म्हणजे उन्हाळ्याच्या अगदी शेवटाला. सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी अकोल्यातल्या कॉलेजच्या ग्रंथालयात एकटाच बसलो होतो. सुट्या लागलेल्या, वाचनकक्षात पंख्याशिवाय आवाज नाही. "धोंड्याचा महिना हाये. आठ रोज या," एवढंच त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, दोघांना जोडीनं पाटावर बसवायचं, जावयाचे पाय धुवायचे, पुरण भरलेले धोंडे जेवायला घालायचे आणि अनारशांचं वाण त्याच्या हातात द्यायचं, ही आमच्याकडची रीत. माझी बायको हिवाळ्यात गेली होती. तरीही त्यांनी मला बोलावलं, याचा मी एकच अर्थ घेतला. त्यांच्या लेखी मी अजून जावई होतो.

मला ते हवं होतं. मानापानासाठी नव्हे. अकोल्यात माझ्यासमोर तिचं नाव कोणी घेत नाही. लोक फार समजूतदार झाले आहेत, विषय निघाला की पाणी आणायला उठतात. तिच्या माहेरी मात्र ती लहानपणी कुठल्या पायरीवरून पडली, कोणाच्या शेतातल्या कैऱ्या पाडताना सापडली, हे अजून बोललं जात असेल असं मला वाटत होतं. तिथे जायला माझ्याकडे दुसरं नातं नव्हतं. आम्हाला मूल नव्हतं. जावईपण संपलं की त्या गावात मी रस्ता चुकून आलेला माणूस.

गाव रिठदच्या थोडं अलीकडे. एसटीतून उतरलो तेव्हा ऊन डोळ्यांत घुसत होतं आणि शेतं वखरून मोकळी पडली होती. सासरे फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभे होते. मी नेहमीप्रमाणे "मामाजी" म्हणून वाकलो. ते म्हणाले, "बसा सर." आधी ते मला जवाईबुवा म्हणायचे. मला वाटलं, उन्हात बोलताना झालं असेल.

पहिले काही दिवस आरामात गेले. सकाळी बादलीत भिजत घातलेले गावरान आंबे, दुपारी रस-पोळी, त्यानंतर ओसरीत कूलरसमोर सगळ्यांची आडवीतिडवी झोप. मामाजींनी सोयाबीनचं बियाणं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलं होतं. उगवण कशी आहे ते रोज सकाळी गोणपाट उलगडून बघायचे. मी शेजारी जाऊन बसायचो. ते कोंब बघायचे, मी त्यांना बघायचो. तिच्याबद्दल ते काही बोलत नव्हते. मीही विचारत नव्हतो. वाट बघायला माझी हरकत नव्हती.

मग धाकटी मेहुणी आणि तिचा नवरा आले. त्यांच्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं, त्यामुळे त्याचा हा पहिलाच धोंडा. घर एकदम जागं झालं. जावयाची टर उडवणं हाही रिवाजच आहे. त्याच्या चहात मीठ पडलं, उशीच्या खोळीत कांदे निघाले, त्याची चप्पल गोठ्याच्या पत्र्यावर सापडली. तो मोठ्यानं हसायचा, शिव्या घातल्यासारखं करायचा, आणि बायका आणखी काहीतरी शोधायला पळायच्या. माझ्या चहात साखर बरोबर होती. माझी चप्पल जिथे काढली तिथेच, जोडीनं, भिंतीला लावलेली असायची. माझ्याही पहिल्या धोंड्याला याच घरात माझ्या सदऱ्याच्या बाह्या शिवून टाकल्या होत्या. त्या शिवणारी माझी बायकोच; खुर्चीमागे उभी राहून हसू दाबत होती. ही आठवण मी एकदा जेवताना काढली. सगळ्यांनी माना हलवल्या आणि मेहुणीनं मला वाढायला आणखी एक पोळी आणली. आपली टर उडत नाही, याचाही माणसाला एवढा त्रास होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं.

अनारशांची तयारी सुरू झाली. तांदूळ भिजवून, कुटून, गुळात मळून ठेवलेलं पीठ सासूबाईंनी काढलं. मामाजींची थोरली बहीण, घरातली सगळ्यांची आत्या, चुलीशेजारी भिंतीला टेकून बसली होती. ती तरुणपणीच विधवा होऊन या घरी परत आली होती, आणि तेव्हापासून तिनं कधी कढईला हात लावलेला नव्हता. ती फक्त बघायची. त्या दिवशी पहिलाच अनारसा तुपात पडताच विरघळून पसरला. दुसराही. अनारसा हसला असं म्हणतात, पण तिथे कोणी हसलं नाही. मी पलीकडे खाटेवर पुस्तक घेऊन बसलो होतो. आत्यानं माझ्याकडे बघितलं, मग मेहुणीकडे. मेहुणी उठून माझ्याकडे आली आणि म्हणाली की आतल्या खोलीत हवा चांगली येते, पुस्तक तिथे वाचा. आतल्या खोलीला खिडकी नव्हती. मी गेलो. थोड्या वेळानं अनारसे नीट होऊ लागल्याचं आवाजावरून कळलं.

वाण एक द्यायचं की दोन, याची चर्चा दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीत झाली. सासूबाईंनी तांब्याची दोन ताम्हनं आणून ठेवली होती. मी तिथेच होतो, चार हातांवर. त्यांना माझा अडसर वाटला नाही. बैलासमोर बैलाचं बोलतात तसं ते बोलत होते.

"एकल्या मानसाले वाण देत नसतात," आत्या म्हणाली. "रंडव्याच्या हाती दिवा देऊन काय घरातला इझवाचा हाये काय?"

मामाजी पुटपुटले की बायको नसली तर पूजेला सुपारी ठेवून भागवतात, लग्नाकार्यात चालतं, मग इथे का चालू नये. आत्यानं नाक मुरडलं. तेव्हा धाकटा जावई कूलरसमोरून म्हणाला, "सुपारी काहून, मोबाईलमंदी फोटू लावा न. व्हिडिओ लावला त बोलते बी."

सगळे हसले. वाईट मनानं नव्हे, उकाड्यानं कंटाळलेली माणसं हसतात तसे. मेहुणीही हसली, आणि लगेच तिनं तोंडावर पदर धरला. तिचं हसणं अगदी तिच्या बहिणीचं आहे. शेवटी घशात अडकतं तेही. आठवडाभर मी या घरात जे ऐकायला आलो होतो ते मला अशा रीतीनं ऐकायला मिळालं.

सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या सूप घेऊन माझ्या खाटेशेजारी येऊन बसल्या आणि हरभऱ्याच्या डाळीतले खडे वेचू लागल्या. बाकीचे पांगले तेव्हा त्यांनी मान वर न करता सुरुवात केली.

"तुमी दुसरं लगन करा," त्या म्हणाल्या. "जे येईन ते माही लेक मनून येईन. दिवाळीले साडी नेसवीन. पहिलं बाळंतपण अथीच करीन. मंग दोघाईले जोडीनं बसवून वाण देईन."

हेही आमच्याकडे आहे. पहिली गेली तर दुसरी तिचं माहेरही वापरते. पहिलीचे आईबाप तिला लेक मानतात, सणाला आणतात, तिच्या मुलांचे आजी-आजोबा होतात. लहानपणी मी अशा दोन-तीन बायका पाहिल्या होत्या आणि मला तो प्रकार मोठा उदार वाटायचा.

"आणि नाही केलं तर?" मी विचारलं.

"त मंग तुमी आमचे कोन?"

हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "मला ते जमणार नाही, मामी."

त्यांनी एक खडा बाहेर टाकला. "तुमाले बायको नाई पाह्यजे, ते दिसते मले. मले लेक पाह्यजे."

त्यांचा चेहरा तेव्हा मी नीट पाहिला. त्या माझ्याइतक्याच उद्ध्वस्त होत्या, कदाचित जास्त. फरक एवढाच की त्यांना ती जागा भरून हवी होती, कोणाच्याही लेकीनं, आणि मला ती तशीच रिकामी हवी होती. आमच्यापैकी एकाचं दुःख दुसऱ्याच्या वाटेत उभं होतं. "बरं," त्या म्हणाल्या आणि सूप उचलून आत गेल्या.

धोंड्याच्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो तेव्हा ओसरीत पाट मांडलेले होते. दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या. दुसऱ्या बाजूच्या एका पाटावर तांदळाची लहान रास आणि तिच्यावर सुपारी होती. शेजारचा पाट रिकामा. रांगोळी दोन्हीकडे सारखी. वाटलं, त्यांनी रात्रभर विचार केला असेल. मला बोलावलं नव्हतं तरी मी जाऊन त्या रिकाम्या पाटावर बसलो. आत्या उठून गोठ्याकडे निघून गेली.

आधी धाकट्यांचं झालं. पाय धुणं, ओवाळणं, हसणं, वाण घेताना त्यानं ताम्हन जड असल्याचं नाटक केलं ते. मग मामाजी माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी माझे पाय परातीत घेतले. पाणी हंड्यातलं, कोमट होतं. त्यांनी बोटांच्या बेचक्यांतूनही हात फिरवला, नव्या टॉवेलनं पाय पुसले, आणि बाजूला झाले.

सासूबाई ताम्हन घेऊन आल्या. त्यावर अनारसे, वर दिवा. त्यांनी सुपारीला हळद लावली, कुंकू लावलं, तिच्यावर खणाचा तुकडा पांघरला. खण सरळ करताना त्यांचा हात बराच वेळ तिथेच राहिला, झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण नीट करतात तसा. मी दोन्ही हात पुढे केले. जावयानं वाण तसंच घ्यायचं असतं.

त्यांनी ताम्हन सुपारीपुढे ठेवलं.

"हे माह्या पोरीचं हाये," त्या म्हणाल्या. मग माझ्या पसरलेल्या हातांकडे बघून, "तुमी उठा आता. तिले तुमच्यापायी बसवलं नोतं. तिच्या बाजूले कोनी नाई मनून पाट मांडला होता."

मी उठलो. मेहुणीनं वाण उचललं आणि गाईला घालायला नेलं, कारण सुपारी ते खाणार नव्हती आणि माझं ते नव्हतं. मामाजी परातीतलं पाणी धाकट्या जावयाच्या पाण्यासारखं तुळशीजवळ न टाकता लांब कुंपणापाशी जाऊन ओतून आले. दुपारच्या गाडीनं निघतो असं मी सांगितलं. जेवून जा, असं दोघा-तिघांनी म्हटलं, कोणाही पाहुण्याला म्हणतात तसं.

पहिल्या पंगतीला जावई आणि घरचे बसले. मी दुसऱ्या पंगतीला, शेजारच्या घरातल्या दोन म्हाताऱ्यांबरोबर. ते पावसाचं बोलत होते, पेरणी कधी धरावी याचं. ताटात धोंडे आले, गरम, पुरण काठोकाठ भरलेले. तूप वाढायला सासूबाई आल्या. त्यांनी पहिल्या म्हाताऱ्याला वाढलं, दुसऱ्याला वाढलं, मला तेवढंच वाढलं आणि पुढच्या ताटाकडे गेल्या. मी धोंडा फोडला आणि खाल्ला. चांगला झाला होता. मी आणखी एक मागून घेतला.