ताईच्या हातांना आठवतं

माझी ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, पण तिसरीत आम्ही दोघी एकाच बाकावर बसत होतो. मी चौथीत गेले, ती तिथेच राहिली. निकालाच्या दिवशी मी रडले. ताई नाही. तिने माझं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटली, "आमची धाकटी पास झाली!"

ताई तान्ही असतानाची हकिकत आईने इतक्या डॉक्टरांना सांगितली होती की आम्हा दोघींना ती तोंडपाठ झाली होती. "इतकी शहाणी होती हो! रडायचीच नाही. दूध पाजायलासुद्धा उठवावं लागायचं." शेजारणी आईचा हेवा करायच्या. बाळाचं अंग गार असायचं, चार-चार दिवस शी व्हायची नाही, रडलीच तर आवाज घोगरा. पण पहिलटकरणीला काय कळणार? अडीच वर्षांची झाली तरी ताई पाऊल टाकेना, तेव्हा कुठे एका डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासून घेतलं. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी जन्मापासूनच काम करत नव्हती. औषध म्हणजे रोज सकाळी उपाशीपोटी एक चिमुकली गोळी. जन्मभर.

गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात ताईच्या अंगात ऊब आली. वर्षाच्या आत ती घरभर धावू लागली. आईला वाटलं, सुटलो एकदाचे. पण डॉक्टरीणबाई आडपडदा ठेवणाऱ्या नव्हत्या.

"शरीर मागची कसर भरून काढेल," त्या म्हणाल्या, "पण मेंदूचं तसं नसतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत तो झपाट्याने घडतो आणि त्यासाठी याच ग्रंथीतून येणारं द्रव्य लागतं. तेव्हा जे मिळालं नाही, ते आता देता येत नाही. लक्षात ठेवणं हिला जड जाईल."

"आणि जन्मल्याजन्मल्या कळलं असतं तर?" आईने विचारलं.

बाई म्हणाल्या, "तर पुष्कळ फरक पडला असता."

हे वाक्य आईने आयुष्यभर उराशी धरलं.

लक्षात ठेवणं ताईला जड गेलंच. निरोप घेऊन निघाली की तो वाटेतच सांडायचा. मीठ आणायला पाठवलं तर साबण घेऊन यायची आणि वर म्हणायची, "साबणही लागतोच की." नेहमीच्या रस्त्यावर एखादं दुकान रंगवून नवं केलं की ती तिथे उभी राहायची, कुणीतरी हात धरून वळवेपर्यंत. चिडायची मात्र नाही. "डोक्यात होतं गं," असं म्हणून हसायची, "आता कुठे गेलं कोण जाणे."

सतराव्या वर्षी आईने तिला कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांकडे नेलं. मास्तरांची कात्री जितकी धारदार, तितकीच जीभ. त्यांनी ताईला एक जुनी चिंधी दिली आणि काज करायला शिकवलं: कापडाला बेताची चीर द्यायची, कडेने एकाला एक लागून टाके घालायचे, टोकाला पक्कं करायचं. दुसऱ्या दिवशी ताई सगळं विसरून आली. तिसऱ्या दिवशीही. मास्तरांनी कपाळावर हात मारला, पण चिंधी काही काढून घेतली नाही. सहा महिने ती चिंध्याच शिवत होती. एका सकाळी मास्तर तिच्या मागे येऊन उभे राहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि एका गिऱ्हाइकाचा नवाकोरा कोट तिच्या मांडीवर ठेवला. त्यानंतर ताईचे हात काज कधीच विसरले नाहीत. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हातांची आठवण मेंदूत निराळ्या जागी राहते. ती जागा हिची शाबूत आहे."

कुठली बटणं कुठल्या कोटाची, हे मात्र तिला सांगून उपयोग नव्हता. एकदा हेडमास्तरांच्या काळ्या कोटाला तिने पिवळीधमक बटणं लावली. मास्तर इतके ओरडले, की शिवणयंत्रावरचे दोघे कारागीरही यंत्र थांबवून बघत राहिले. ताई मान खाली घालून घरी आली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच तोड काढली. प्रत्येक कपड्याच्या कॉलरला एका रंगाचा दोरा बांधायचा आणि बटणांच्या पुडीलाही त्याच रंगाचा. महिन्याभरात मास्तर आणि दोघे कारागीर तसेच दोरे बांधू लागले. "आमच्या ताईंची शिस्त आहे," असं मास्तर गिऱ्हाइकांना ऐकवायचे.

ताईला तिथे वीस वर्षं होत आली होती, तेव्हाची गोष्ट. लग्नाला बरीच वर्षं लोटल्यावर मास्तरांना मुलगी झाली. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, माहेरून तीन आठवड्यांचं बाळ घेऊन आल्या आणि कौतुकाने दुकानात दाखवायला घेऊन आल्या.

"काय शहाणी आहे म्हणून सांगू," वहिनी म्हणाल्या. "रडतच नाही. दुधासाठीसुद्धा उठवावं लागतं."

ताईची सुई थांबली. ती उठली, दुपटं बाजूला करून तिने बाळाचे पाय हातात घेतले.

"गार आहेत," ती म्हणाली. "हिला गोळी लागते. रक्त तपासा हिचं."

मास्तरांचा चेहरा पडला. "काहीतरी अभद्र बोलू नका, ताई! चांगली गुटगुटीत आहे माझी पोर."

संध्याकाळी ताई घरी आली तेव्हा तिच्या बोटाला लाल दोरा गुंडाळलेला होता, बोट काळंनिळं पडेल इतका घट्ट. "हे कशाला गं?" मी विचारलं. ती दोऱ्याकडे बघत राहिली. ओठ हलत होते, शब्द सापडत नव्हता. मी स्वयंपाकाला लागले, तेवढ्यात मागून आवाज आला. "बाळ. मास्तरांचं बाळ रडत नाही."

आईच्या हातातलं भांडं तिथेच राहिलं.

सकाळी आम्ही तिघी दुकानात गेलो. वहिनीही बाळाला घेऊन तिथेच होत्या. ताईने सुई हातात घ्यायलाच नकार दिला. "आधी रक्त," ती म्हणाली, "मग काजं." मास्तर काही बोलणार, तोच आई वहिनींच्या पुढ्यात बसली आणि तिने ती जुनी हकिकत पहिल्यापासून सांगितली. गार अंग. घोगरा आवाज. न होणारी शी. ऐकता ऐकता वहिनी उभ्या राहिल्या. "चला," एवढंच म्हणाल्या.

आमच्याकडच्या दवाखान्यात तोवर प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन ही तपासणी होऊ लागली होती. वहिनींच्या माहेरगावी ती सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी अहवाल आला आणि त्याच दिवशी गोळी सुरू झाली. चमच्यात चुरायची, दोन थेंब दुधात कालवायची आणि बाळाच्या गालाच्या आत सोडायची. "आणखी काही महिने गेले असते, तर हातात काही राहिलं नसतं," डॉक्टर म्हणाले. मास्तर बाकावर बसून लहान मुलासारखे रडले.

घरी परतताना आई वाटेतच थांबली. "मला तेव्हा कळायला हवं होतं गं," ती ताईला म्हणाली. इतक्या वर्षांत तिने हे प्रत्यक्ष ताईला कधीच म्हटलं नव्हतं.

ताईने थोडा विचार केला. "तुला कुणी सांगितलंच नाही ना," ती म्हणाली आणि आईच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.

ती मुलगी आता आठ वर्षांची आहे. रोज सकाळी गोळी, अधूनमधून रक्ततपासणी, एवढं सोडलं तर तिच्यात निराळं काही नाही. वाचाळ, हट्टी आणि पाढ्यांत पक्की. शाळा सुटली की दुकानात येते आणि ताईच्या पुढ्यात पालखट मारून दिवसभराची खबर देते.

नवं गिऱ्हाईक आलं की मास्तर सगळी हकिकत सांगतात: ताईंनी बाळाचे पाय कसे धरले, काम कसं अडवून धरलं. ताई कान देऊन ऐकते. तिला त्यातलं काहीच आठवत नाही. दोरा नाही, दवाखाना नाही.

"मी?" दर वेळी ती विचारते. "खरंच मी?"

"तूच!" मुलगी ओरडते.

"बरं केलं हो," ताई म्हणते आणि सुईत नवा दोरा ओवते.